आजींच्या कमरेचं यंत्र

फुकट काही वाटायला आलं की आधी विचारायचं, यात फायदा कोणाचा? चळवळीची पत्रकं लिहायला ज्यांनी मला शिकवलं त्यांनी पहिल्याच दिवशी हे शिकवलं. मोठमोठे शब्द त्यांनी नंतर शिकवले, त्यातले बरेचसे मी विसरले. हा प्रश्न मात्र राहिला. त्यामुळे खिदिरपूरच्या खानावळीत एका रविवारी डॉक्टर पेटीभर यंत्रं घेऊन आले, ही वडीलधाऱ्या माणसांसाठी आहेत आणि पैसे पडणार नाहीत असं म्हणाले, तेव्हा सगळे खूश झाले. मी झाले नाही.

खानावळ म्हणजे बंगालात आलेल्या आम्हा मराठी लोकांची. कस्टम्समध्ये, बंदरात, बँकेत बदली होऊन आलेली माणसं मुलांची शाळा संपेपर्यंत बायकोला गावाकडे ठेवतात आणि इथे एकटी येऊन पडतात. त्यांच्यासाठी ट्रामच्या रस्त्यावरच्या एका जुन्या घराचे दोन मजले भाड्याने घेतलेले होते. वर राहायचं, खाली जेवायचं. माझे वडील रेल्वेतले. गार्डन रीचचं क्वार्टर मिळेपर्यंत तेही इथेच राहिले होते, आणि क्वार्टर मिळाल्यावरही आम्ही दर रविवारी वरणभात जेवायला इथेच यायचो. इथे जन्म काढलेले दहा-बारा पेन्शनरही रविवारी येत. त्यांच्या नातवंडांना मराठी समजतं पण बोलवत नाही, म्हणून मराठीत बोलायला ते इथे यायचे.

स्वयंपाक करायच्या त्या आजी. त्यांना नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. रेल्वेतल्या कारकुनाशी लग्न होऊन वाईहून इथे आल्या, तो गेला, आणि तेव्हापासून स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहून वीस-बावीस माणसांचं दोन वेळचं रांधतात. कोळशाची शेगडी, नऊवारी लुगडं आणि कडक सोवळं. मोहरीचं तेल त्यांनी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नाही. मासे खायची तल्लफ आलेली मंडळी कोपऱ्यावरच्या बंगाली हॉटेलात जाऊन यायची आणि आजींच्या समोरून जाताना हात मागे लपवायची.

त्या सोवळ्याचा मला संताप यायचा, हे आत्ताच सांगून टाकते. मी दारात आले की आजी आधी विचारायच्या, "अगं, बाहेरची नाहीस ना?" मी कधी उत्तर द्यायची नाही. मग त्या हात लांब करून उलथनं दाखवायच्या, "तिथेच थांब." मी तिथेच थांबायची आणि पत्रकाचा मजकूर जुळवायची.

तर डॉक्टर. हे बंगाली गृहस्थ, आमच्यातल्या कोणाच्या तरी ओळखीचे. म्हातारपणी माणूस दिवसभरात किती हलतो याचा अभ्यास करत होते. माणसांना विचारलं तर माणसं फुगवून सांगतात, म्हणून यंत्र. खिशातल्या घड्याळाएवढं, गोल, आत एक छोटा लोलक. कमरेला अडकवून चाललं की प्रत्येक पावलाच्या धक्क्याने लोलक हलतो आणि वरचा काटा पुढे सरकतो. किती मैल झाले ते तबकडीवर दिसतं. दर रविवारी डॉक्टर येऊन काटा वाचणार. मला बंगाली नीट येतं म्हणून सूचना मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. "उठल्यापासून झोपेपर्यंत कमरेला ठेवायचं. आंघोळीला काढायचं. बाकी काढायचं नाही."

पेन्शनरांनी धोतराला, पँटीला पटापट अडकवलं. एक जण म्हणाले, "आता घरी सांगायला बरं, यंत्र लावलंय, मंडईत जायला हवं." हशा पिकला. तेवढ्यात आमचे सेक्रेटरी म्हणाले, "आजींनाही एक द्या."

सेक्रेटरी म्हणजे खानावळीच्या कमिटीचे. बँकेत अधिकारी, चाळिशीचे, केस तेल लावून चापून बसवलेले, बोलणं त्याहून चापून बसवलेलं. आजी पेन्शनर नव्हत्या. आजींना कोणी विचारलंही नव्हतं. मग आजींना कशाला?

"का बरं?" मी विचारलं.

"का म्हणजे? त्यांचंही वय झालंय. त्यांच्याच तब्येतीसाठी."

दुसऱ्याच्या तब्येतीची काळजी करणारा बँकेचा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. शिवाय मला एक गोष्ट कळली होती. कमिटीपुढे एक कंत्राटदार येऊन गेला होता. गॅसच्या शेगड्या आणतो म्हणत होता, दोन आचारी ठेवतो म्हणत होता, आणि त्या आचाऱ्यांना झोपायला स्वयंपाकघरामागची खोली लागणार होती. म्हणजे आजींची. आजींनी कुठे जायचं? "वाईला त्यांचा पुतण्या आहे," एवढंच सेक्रेटरी म्हणाले होते. त्या पुतण्याने आजींना स्वतःच्या मुंजीत एकदा पाहिलं होतं.

नऊवारीला पट्टा नाही, त्यामुळे यंत्राची क्लिप बसेना. डॉक्टर म्हणाले, राहू दे. सेक्रेटरी म्हणाले, "राहू दे कसं? मी करून आणतो." आणि दुसऱ्या दिवशी चांभाराकडून एक छान चामड्याचा पट्टा शिवून आणला. त्याला यंत्रासाठी चामड्याचंच पाकीट. आजींनी हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे काय, माझ्या गळ्यात लायसन बांधता?"

"गळ्यात नाही, कमरेला," सेक्रेटरी हसून म्हणाले.

"कुत्र्याला गळ्यात, मला कमरेला. बरं."

आजींनी पट्टा घेतला. सूचना सांगायचं काम माझं, म्हणून त्या दिवशी मीही आले होते; मी त्या पुन्हा सांगितल्या. त्यांनी मान डोलावली. "आंघोळीला काढायचं. कळलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी जेवणं झाल्यावर डॉक्टर सुपारी चघळत बसले होते. सेक्रेटरींनी अगदी सहज, पान खाता खाता विचारलं, "काय डॉक्टर, आमची मंडळी कशी काय?" आणि डॉक्टरांनी सगळं सांगितलं! एका माणसाच्या अंगाची माहिती दुसऱ्याला सांगू नये एवढं साधं भान त्यांना नव्हतं. सगळ्यांत जास्त चालणारे निघाले कस्टम्समधून निवृत्त झालेले काका. रोज एस्प्लनेडपर्यंत जाऊन मैदानात बसून परत येणारे. टाळ्या पडल्या. काकांनी उभं राहून दोन्ही बाजूंना मान लववली. सगळ्यांत कमी हलणाऱ्या निघाल्या आजी. डॉक्टर म्हणाले, "माशीमा तर जवळजवळ बसूनच असतात."

माशीमा म्हणजे मावशी. आदराने म्हणतात बंगाली लोक. आदराने मान कापली तरी ती कापलेलीच.

सेक्रेटरी म्हणाले, "आम्हाला शंका होतीच. यंत्र खोटं बोलत नाही." मग कमिटीच्या दुसऱ्या सभासदाकडे वळून, "पुढच्या रविवारी बैठकीत घेऊ."

मी हातातली सुपारी तशीच टाकून उठले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. आजी बसून असतात, तर आम्ही आत्ता जेवलो ते कोणी केलं? माझ्या डोक्यात सरळ एकच आलं: यंत्रात गडबड केलीय.

दोन दिवसांनी मी एस्प्लनेडला डॉक्टरांच्या चेंबरमध्ये गेले. एका चष्म्यांच्या दुकानावरची खोली, खाली फेरीवाल्यांचा गलका, वीज गेलेली, पंखा बंद. मी बसायच्या आधीच बोलायला लागले. तुम्ही माणसं मोजता की कामावरून काढायची यादी करता? तुम्हाला ठाऊक आहे का या आकड्याचं ते काय करणार आहेत? डॉक्टरांनी मला पाणी दिलं. मी प्यायले नाही. पाण्यात मला काय वाटलं होतं कोण जाणे.

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं," ते म्हणाले.

"का सांगितलंत?"

 ते लगेच म्हणाले, "माझी चूक झाली." मला ते खरं वाटलं नाही. माणूस इतक्या पटकन चूक कबूल करतो तेव्हा त्याच्याजवळ दुसरी एखादी मोठी लपवलेली असते.

मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. त्यांनी आजींचं यंत्र पेटीतून काढलं. रविवारी आजींना दुसरं देऊन हे तपासायला आणलं होतं म्हणाले. माझ्यासमोर कमरेला लावून चेंबरबाहेरच्या गॅलरीत येरझारा घातल्या. काटा सरकला. मग माझ्या कमरेला लावलं, मी चालले. सरकला. यंत्र चांगलं होतं.

"तुमच्या काकांचं मात्र मला पटत नाही," ते म्हणाले. "ते एस्प्लनेडला ट्रामने येतात. ट्रामचे धक्के यंत्र पावलं म्हणून मोजतं. तो आकडा मी धरणार नाही."

"काकांचा धरणार नाही, आणि आजींचा धरणार?"

"माशीमा ट्रामने जातात का?"

"नाही."

"मग?"

जिना उतरताना माझ्या मनात आलं ते लिहायलाही नको वाटतं. आजी खरंच बसून असतील तर? भांडी घासायला एक बाई येते, तिच्याकडूनच सगळं करून घेत असतील तर? त्या रात्री मी आईला विचारलं, "आजी पोळ्या स्वतःच लाटतात ना?" आई म्हणाली, "मग कोण, मी लाटते? काय विचारतेस!" संशयाला एकदा चालायला शिकवलं की तो कोणाच्याही घरी जातो. मला स्वतःचाच राग आला, आणि राग आला म्हणून संशय गेला असं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने निघाले. गार्डन रीचहून खिदिरपूर फार लांब नाही, पण बस पुलाशी उभीच राहिली. पोहोचले तेव्हा वरची मंडळी डबे भरून घ्यायच्या घाईत होती. स्वयंपाकघरात धूर होता. आजी आत, सोवळ्याच्या लुगड्यात, वाकून शेगडीला वारा घालत होत्या. मग उठल्या, पिंपातून पाणी काढलं, परातीत कणीक घेतली, खाली बसल्या, पुन्हा उठल्या, आमटीत फोडणी ओतली, मागच्या दाराने जाऊन तुळशीपाशी काहीतरी ठेवून आल्या. मला पाहून ओरडल्या, "तिथेच थांब!"

मी तिथेच थांबले. माझ्या कानाशी, दाराच्या बाहेरच्या बाजूला, खुंटीवर तो चामड्याचा पट्टा लटकत होता. पाकिटात यंत्र. काटा गप्प.

"आजी, हे इथे का?"

"मग कुठे? देवघरात ठेवू?"

"तुम्ही काढून ठेवलंय! आंघोळ झाल्यावर लावायचं ना!"

"आंघोळ झाल्यावर सोवळं नेसले. सोवळ्यात चामडं कसं घालू? चामडं लावून नैवेद्य करू? आंघोळीला काढायचं म्हणालीस, काढलं. सोवळं सुटेपर्यंत ती आंघोळच. जेवणं उरकली की मी सोवळं सोडते आणि तुझं ते लायसन बांधते. दुपारी निजतानासुद्धा काढत नाही. संध्याकाळी पुन्हा आंघोळ, पुन्हा काढते. अगदी सांगितलंस तसं."

म्हणजे आजी काम करत होत्या तेवढा वेळ यंत्र खुंटीवर, आणि आजी दुपारी पडून वाती वळत होत्या तेवढा वेळ यंत्र कमरेला. यंत्राने खोटं सांगितलंच नव्हतं. त्याला दाखवलं तेवढंच त्याने पाहिलं.

"चामड्यात काय विटाळ आहे हो?" मला राहवलं नाही. "ज्या माणसाने ते शिवलं तो तुमच्याइतकाच कष्ट करतो."

"चपला बाहेर काढून आलीस ना?"

"काढल्या."

"का काढल्यास? घालून यायचं होतंस आत!"

माझ्याकडे याचं उत्तर होतं, चांगलं दोन पानांचं होतं, पण त्यांना पोळ्या लाटायच्या होत्या. आणि मला त्याच सोवळ्याची वकिली करायला जायचं होतं. ज्या गोष्टीविरुद्ध मी आयुष्यभर बोंबलणार होते, तिच्याच बळावर एका बाईची खोली वाचवायची होती. तसं लढायला मला कोणी शिकवलं नव्हतं.

बसमध्ये बसल्यावर मला पट्टा आठवला. डॉक्टरांना सोवळं ठाऊक असायचं कारण नाही. पण पट्टा डॉक्टरांनी आणला नव्हता. सेक्रेटरींनी आणला होता. त्यांची आई इथे दोन महिने राहून गेली होती. ती इतकी सोवळ्याची की आजींच्या हातचंही जेवली नाही, वेगळी चूल मांडली. अशा घरात वाढलेल्या माणसाला दुकानात सुती नाडा दिसला नाही? चामडंच दिसलं? ठाऊक नव्हतं, की चांगलंच ठाऊक होतं?

रविवारी बैठक झाली. मी डॉक्टरांना खुंटीचं आधीच सांगितलं होतं. ते आले आणि उभं राहून हिंदीत म्हणाले की माशीमांचा आकडा आणि कस्टम्सच्या काकांचा आकडा, दोन्ही बाद. कारणं सांगितली. काका म्हणाले, "म्हणजे मी ट्रामच्या जिवावर तरुण ठरलो होतो!" सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांच्या टाळ्या परत गेल्याचं त्यांना लागलं असावं.

सेक्रेटरी हसले नाहीत. "ठीक आहे," ते म्हणाले. "मला कसं सुचलं नाही! चामडं टिकतं म्हणून आणलं. सुती पट्टा लावू. सोवळ्यातही चालेल. दोन आठवडे पुन्हा मोजू आणि मग ठरवू."

मी लगेच म्हटलं, "मोजा! आजच लावा!" मला खात्री होती. आजी त्या काट्याला गरगर फिरवतील आणि सेक्रेटरी तोंड लपवतील, हे मला दिसतच होतं.

"नाही," आतून आवाज आला.

आजी स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. सोवळ्यात होत्या, म्हणून उंबरा ओलांडला नाही. आम्ही सगळे बाहेर, त्या आत.

"मी आता काही बांधणार नाही. चामड्याचं नाही आणि सुताचं नाही."

"आजी, उलट तुम्हीच जिंकाल," मी म्हटलं.

"आज जास्त आलं म्हणून राहिले, तर उद्या कमी आलं म्हणून जाईन. गुडघे काय आहेत तसेच राहणार आहेत? तुला जिंकायचंय. मला राहायचंय."

मी भर बैठकीत त्यांच्याशी भांडले. माघार घेतली तर लोक म्हणतील घाबरल्या, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, "म्हणू देत. घाबरलेच आहे. वाईला मला कोण ओळखतं? इथला कोळसेवाला तरी ओळखतो." त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा फाटला. 

"मग कमिटीने ठरवायचं तरी कसं?" सेक्रेटरींनी विचारलं.

बंदरातले एक तरुण इंजिनीअर मागे भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "पोळी कडक आली की ठरवू. अजून आलेली नाही."

काका उठले. म्हणाले, सोपं आहे. खोली त्यांची, राहतील तोवर. रांधणं त्यांचं, रांधतील तोवर. संध्याकाळचं जड जाईल तेव्हा त्या सांगतील आणि मग आचारी बघू, तो बाहेरून येऊन जाईल. हात वर करा. हात वर गेले. माझा हात कोणी मोजला नसता, मी सभासद नव्हते, तरी मी केला. सेक्रेटरींनी इकडे तिकडे पाहिलं आणि सगळ्यांत शेवटी आपला केला.

मी त्यांना जिन्यात गाठलं.

"तुम्हाला ठाऊक होतं ना? चामडं त्या काढून ठेवतील हे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडले नाहीत. "तुला होतं का? सूचना तर तूच सांगितल्यास. पट्टा तूही पाहिलास."

"मी सोवळं मानत नाही."

"मीही मानत नाही. मी फक्त जेवतो." आणि वर निघून गेले.

हे उत्तर झालं का? मी ते पुष्कळदा उलटून पाहिलं आहे. आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "असेल ठाऊक, नसेल ठाऊक. मी विचारणार नाही. त्याला रोज वाढायचंय मला." मला हे पटलं नाही. अजूनही पटत नाही. विचारायलाच हवं होतं, सगळ्यांसमोर, आणि त्याच दिवशी.

आजी त्याच खोलीत आहेत. संध्याकाळचं आता एक आचारी करून जातो. त्याच्या आमटीला आजी रोज नावं ठेवतात आणि रोज तीच जेवतात. डॉक्टर पुन्हा आले नाहीत. त्यांची यंत्रं दुसऱ्या कुठल्या वस्तीत गेली म्हणे. तिथे सूचना कोणी सांगितल्या, आणि आकडे कोणी विचारून घेतले, कोण जाणे.

गेल्या वर्षी सेक्रेटरींची बदली झाली. निरोपाचं जेवण झालं, आजींनी पुरणपोळ्या केल्या. मी गेले नाही. आईने येऊन सांगितलं की निघताना ते आजींच्या पाया पडले. आजी सोवळ्यात होत्या, म्हणून लांबूनच. उंबऱ्याबाहेर, पायातले बूट काढून, कमरेचा पट्टा सोडून बाजूला ठेवून, जमिनीवर डोकं टेकून. आई म्हणाली, बघ, किती केलं त्याने.

मी तिथे नव्हते, पण ऐकता ऐकता मला दिसलं ते वेगळंच. आजवर बदली होऊन गेलेले बाकीचे सगळे कमरेच्या पट्ट्यासकट नुसते हात जोडून निघाले होते. कमरेचा पट्टा चामड्याचा असतो आणि सोवळ्यापुढे तो चालत नाही, हे न सांगता आठवलेला माणूस त्या सगळ्यांत एकच होता.